हाक आवाजाने, माल उजेडाने: पाण्याखालच्या जोड-संपर्काची उभारणी, पायरी-पायरीने

समुद्रतळाशी बारा मीटरवर एक डबा ठेवलेला आहे. आत कॅमेरा, तापमान आणि क्षारतेचे सेन्सर, बॅटरी. महिन्याभरात त्यात २०० मेगाबाइट माहिती साठते. डबा वर काढला की त्याची जागा हलते, आणि प्रवाळाचा तोच कोपरा पुन्हा कॅमेऱ्यासमोर येईल याची खात्री राहत नाही. शिवाय दर खेपेला पाणबुड्या, होडी आणि अख्खा दिवस मोडतो. म्हणून डबा जागच्या जागी ठेवून माहिती तेवढी वायरशिवाय काढून घ्यायची. हा लेख त्याच कामाचा आहे. उदाहरण म्हणून मी मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यातलं उथळ पाणी धरलं आहे, कारण तिथलं पाणी एकाच महिन्यात निवळशंखही असतं आणि चहासारखंही.

वाय-फायचा इथे उपयोग नाही. मिठामुळे समुद्राचं पाणी वीजवाहक असतं आणि रेडिओ लहरी गिळून टाकतं. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल काही सेंटिमीटरांत संपतो. अगदी १० किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरलं, तरी दर अडीच मीटरला लहरीची उंची एक-तृतीयांशाच्या आसपास येते. पाणबुड्यांना संदेश द्यायला नौदलाला तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मनसारखं अतिशय कमी वारंवारितेचं प्रचंड केंद्र लागतं, ते यामुळेच. छोट्या पथकाला ती वाट बंद आहे. उरतात दोन: आवाज आणि उजेड.

आवाज पाण्यात किलोमीटरच्या किलोमीटर जातो, पण सावकाश आणि चिंचोळ्या वाटेने. सेकंदाला साधारण १,५०० मीटर हा त्याचा वेग, आणि चांगला ध्वनी-मॉडेम उथळ पाण्यात सेकंदाला काही हजार बिट देतो. ५ किलोबिटचा वेग न अडखळता मिळाला असं धरलं, तरी आपले २०० मेगाबाइट यायला ३.७ दिवस लागतील. नाटो देशांनी २०१७ साली मानक म्हणून स्वीकारलेल्या 'जानस' पद्धतीचा मूळ वेग सेकंदाला सुमारे ८० बिट आहे. त्या वेगाने हेच काम साडेसात महिन्यांवर जातं. निळा-हिरवा उजेड मात्र सेकंदाला १ मेगाबिट दराने ते २६ मिनिटं ४० सेकंदांत संपवतो. त्याची अडचण एवढीच की तो काही मीटरच जातो, आणि समोरासमोर असल्याशिवाय जातच नाही.

म्हणून दोन्ही जोडायचे. पण जोडताना बहुतेक जण मोबाईल नेटवर्कचा विचार करतात: फोरजी नसेल तर थ्रीजी, तसा उजेड नसेल तर आवाज. या विचारावर उभारलेली यंत्रणा समुद्रात फसते, कारण उजेडाचा माल आवाजाच्या वाटेवर मावतच नाही. आवाजाचं काम वेगळं आहे. डब्याला उठवणं, अंतर सांगणं, 'आता सुरू कर', 'थांब', 'अमुक तुकडे परत पाठव' हे सगळं आवाजाने होतं, आणि उजेड चालू असतानाही आवाजाचा दुवा जागा राहतो. उजेड फक्त माल वाहतो. अमेरिकेतल्या वुड्स होल ओशनोग्राफिक इन्स्टिट्यूशनमध्ये २०१० च्या सुमारास प्रकाश आणि ध्वनीची अशी एकत्र यंत्रणा उभी राहिली. त्याआधी २००५ मध्ये एमआयटी आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तळावरच्या सेन्सरांकडून पोहणाऱ्या रोबोने उजेडातून माहिती गोळा करून आणण्याचा प्रयोग केला होता. आपण करतोय ते त्याच जातीचं काम आहे, लहान प्रमाणावर.

पहिली पायरी: मॉडेम विकत घेण्याआधी पाणी मोजा

ही पायरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. आमच्या पहिल्या चाचणीत आम्हीही ती वगळली होती. पोहण्याच्या तलावात आमचा उजेडाचा दुवा या टोकापासून त्या टोकापर्यंत, पंधरा मीटर, न चुकता चालला. आठवड्याने तीच जोडी खाडीच्या तोंडाशी उतरवली तर दोन मीटरपलीकडे एकही पॅकेट आलं नाही. दिवसभर आम्ही सर्किट तपासत राहिलो. सर्किटमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. संध्याकाळी एकाने दोरीला पांढरं ताट बांधून पाण्यात सोडलं, ते सव्वा मीटरवर दिसेनासं झालं.

ते ताट म्हणजे सेक्की तबकडी. इटलीचे अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरात आणलेली ही युक्ती आजही तशीच चालते. ३० सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी घ्या, खाली वजन बांधा, दोरीवर दर २५ सेंटिमीटरला खूण करा. होडीच्या सावलीच्या बाजूने, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, गॉगल न घालता ती सोडा. दिसेनाशी होते ती खोली लिहा, मग वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली लिहा, आणि दोन्हींची सरासरी घ्या. ही झाली सेक्की खोली.

आता यातून उजेड किती मरतो ते काढायचं. पाण्यात उजेड दर मीटरला ठरावीक हिश्श्याने घटतो, आणि तो हिस्सा सांगणाऱ्या आकड्याला क्षीणन गुणांक म्हणतात. कामचलाऊ हिशेब असा: ७ ला सेक्की खोलीने भागा. खोली ७ मीटर आली तर गुणांक १, साडेतीन मीटर आली तर २. हा अंदाजच आहे, पण जागा निवडायला पुरतो. तुलनेसाठी पाठ्यपुस्तकांतले नेहमीचे आकडे ध्यानात ठेवा: स्वच्छ खोल समुद्राला ०.१५, किनारी पाण्याला ०.४, गढूळ बंदराला २.२.

एकदा मोजून थांबू नका. भरतीला मोजा, ओहोटीला मोजा, उधाणाच्या दिवशी आणि भांगाच्या दिवशी मोजा. उधाणाला पाणी जोरात वाहतं आणि तळाचा गाळ उचलतं. भांगाला प्रवाह मंद असतो आणि गाळ खाली बसतो. आमच्या होडीच्या तांडेलाने दुसऱ्या खेपेला एवढंच सांगितलं, "सर, भांगाच्या दिसांक येवा." त्या आठवड्यात तबकडी सव्वा मीटरऐवजी जवळपास चार मीटरवर गेली. पुढचं सगळं वेळापत्रक आम्ही पंचांगातली तिथी बघून लावलं: अष्टमीच्या आसपास माहिती उतरवायची, अमावास्या-पौर्णिमेला डब्याला झोपू द्यायचं. पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात उतरतो तेव्हा किनाऱ्यालगत उजेडाचा नादच सोडा. विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेसारख्या ठिकाणी गोष्ट निराळी. किनाऱ्याचा गाळ तिथवर पोचत नाही.

दुसरी पायरी: उजेडाचा जमाखर्च

इथे थोडं रेंगाळू, कारण सगळी यंत्रणा या हिशेबावर उभी आहे.

धरा की तुमच्या एलईडीतून ३ वॉट उजेड बाहेर पडतो आणि भिंगाने तो ३० अंशांच्या झोतात बांधला आहे. समोर ५० मिलिमीटर व्यासाचं भिंग लावलेला रिसीव्हर. दोन ठिकाणी उजेड खर्च होतो. पहिला खर्च फैलावण्याचा: झोत जेवढा पसरतो त्यातला भिंगावर पडेल तेवढाच आपला. दुसरा खर्च पाण्याचा: गुणांक गुणिले अंतर काढा आणि e या संख्येचा तेवढा ऋण घात घ्या.

गुणांक १, अंतर ८ मीटर. झोताची त्रिज्या तिथे २.१४ मीटर होते, क्षेत्रफळ १४.४ चौरस मीटर. भिंगाचं क्षेत्रफळ सुमारे ०.००२ चौरस मीटर. म्हणजे फैलावण्यातच दहा हजारात एखाद-दुसरा भाग हाती लागला. पाण्याने त्यातला ०.०३ टक्का ठेवला. शेवटी भिंगावर येतात १३७ नॅनोवॅट. सेकंदाला १ मेगाबिटसाठी साध्या फोटोडायोडला (उजेडाची वीज करणारा सेन्सर) साधारण १०० नॅनोवॅट लागतील असं धरून चाला. म्हणजे ८ मीटर काठावर जमतं, ९ ला जमणार नाही.

आता गुणांक २.२ घ्या, बंदराचं पाणी. ४ मीटरवर २४६ नॅनोवॅट येतात आणि काम चालतं. ५ मीटरवर येतात १७. एका मीटरने चौदा पट घसरण. पाण्यातला उजेड हळूहळू कमी होत जातो असं आपल्याला वाटत असतं. प्रत्यक्षात कड्यावरून पाय घसरावा तसा तो जातो. एलईडीची ताकद दुप्पट केली तरी या पाण्यात जेमतेम पाव मीटर पुढे सरकता येतं. पैसे अंतर कमी करण्यावर घाला, म्हणजे माहिती घ्यायला डब्याजवळ जाऊन स्थिर उभं राहणाऱ्या पाण्याखालच्या वाहनावर.

हे आकडे मी वेगवेगळ्या पाण्यासाठी मांडून पाहिले तेव्हा एक सोयीची गोष्ट दिसली. वर सांगितलेल्या मापाच्या साध्या जोडीचा पल्ला सेक्की खोलीच्या आसपासच येतो. तबकडी सात मीटरवर दिसेनाशी झाली तर दुवा सात-आठ मीटर, सव्वातीनवर गेली तर सुमारे चार. होडीवर कॅल्क्युलेटर काढायला सवड नसते, तेव्हा हा ठोकताळा वापरा आणि प्रत्यक्ष काम त्याच्या निम्म्या अंतरावरून करायचं ठरवा.

तिसरी पायरी: उजेडाची जोडी बांधणं

रंगापासून सुरुवात करा. स्वच्छ खोल पाण्यात ४५० ते ४८० नॅनोमीटरचा निळा सर्वात दूर जातो. किनाऱ्याजवळ वनस्पती-प्लवक आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पिवळसर अर्क निळा रंग शोषतात, तिथे ५२० ते ५५० चा हिरवा बरा. हिरव्या एलईडी निळ्यांपेक्षा कमी कार्यक्षम असतात, त्यामुळे त्याच बॅटरीवर उजेड कमी मिळतो. कोकण किनाऱ्याला मी दोन्ही बरोबर नेतो आणि त्या दिवशी ज्याने जास्त सिग्नल येईल तो वापरतो. पांढरी एलईडी घेऊ नका. तिच्यातला पिवळा फॉस्फर सावकाश विझतो आणि वेग मारतो.

लेसरचा मोह होतो, कारण त्याचा झोत पसरत नाही. पण मग दोन्ही टोकं अंशाच्या बारीक हिश्श्यापर्यंत एकमेकांवर रोखून धरावी लागतात, आणि लाटेखाली डोलणाऱ्या वाहनाला ते शक्य होत नाही. निळ्या लेसरने जवळच्या पाणबुड्याच्या डोळ्यालाही इजा होऊ शकते. पहिली यंत्रणा एलईडीचीच करा.

रिसीव्हरला साधा सिलिकॉन फोटोडायोड पुरतो. त्याहून संवेदनशील अॅव्हलांच फोटोडायोड किंवा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर अंतर वाढवतात, पण ते सूर्यप्रकाशाने भांबावतात. बारा मीटरवर भर दुपारी भरपूर ऊन पोचतं. भिंगामागे तुमच्या रंगाचा अरुंद फिल्टर बसवा, रिसीव्हरचं तोंड वर आकाशाकडे न ठेवता आडवं किंवा खाली ठेवा, आणि जमेल तर काम सूर्य मावळल्यावर करा. डबा तळाशी असल्यामुळे त्याचा एलईडी वर बघणारा आणि वाहनावरचा रिसीव्हर खाली बघणारा, ही मांडणी आपसूकच योग्य पडते.

बिट थेट चालू-बंद करून पाठवू नका, मँचेस्टर कोडिंगने पाठवा. त्यात प्रत्येक बिटमध्ये उजेड एकदा चालू आणि एकदा बंद होतोच, त्यामुळे उन्हाचा स्थिर भाग साध्या हाय-पास फिल्टरने (सावकाश बदलणारं अडवून झपाट्याने बदलणारं तेवढं पुढे सोडणारी चाळणी) गाळता येतो. याचा आणखी एक फायदा आम्हाला हिवाळ्यात कळला. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री कोकणच्या समुद्रात सूक्ष्मजीवांची निळी चमक दिसते, आणि वाहनाचे पंखे फिरले की ती त्यांच्याभोवती उसळते. तिचा रंग आपल्या निळ्या एलईडीच्या अगदी जवळचा असल्याने रंगाचा फिल्टर ती अडवत नाही. पण जीवांची चमक सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या भागाची असते, आपले बिट सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे. हाय-पास फिल्टर दोघांना नीट वेगळं करतो.

दोन्ही दिशांनी उजेड हवा असेल तर एका दिशेला निळा, दुसऱ्या दिशेला हिरवा ठेवा. एकच रंग वापरला तर आंबोली घाटात धुक्यात हेडलाइट लावल्यासारखं होतं: आपलाच उजेड पाण्यातल्या कणांवरून मागे येऊन आपल्याच रिसीव्हरला आंधळं करतो. खरं तर आपल्या कामाला परतीचा उजेड लागतच नाही. परतीचा निरोप आवाजाने जाईल.

चौथी पायरी: आवाजाचा दुवा

आवाजाचा मॉडेम मी विकतच घ्या म्हणेन. तो घरी बनवण्यात वर्ष जातं आणि इथे आपल्याला वेग नकोच आहे. विश्वास हवा. लहान आरओव्हीसाठी (दुरून चालवायचं पाण्याखालचं वाहन) मिळणारा वॉटर लिंक्डचा एम६४ सेकंदाला ६४ बिट देतो आणि त्याचा पल्ला २०० मीटर आहे. आपल्या कामाला तेवढं पुष्कळ. वारंवारिता निवडताना एवढं पाहा: १० किलोहर्ट्झला समुद्राचं पाणी दर किलोमीटरला साधारण १ डेसिबल शोषतं, १०० किलोहर्ट्झला तीस-चाळीस. काम दोन-तीनशे मीटरच्या आतलं असेल तर वरची वारंवारिता चालते आणि मॉडेम लहान राहतो.

उथळ उष्ण समुद्रात आवाजाचे दोन शत्रू आहेत. एक म्हणजे प्रतिध्वनी. पृष्ठभागावरून आणि तळावरून परतलेला आवाज मूळ आवाजावर चढतो, जशी मोकळ्या सभागृहात माइकवरची वाक्यं एकमेकांत मिसळतात. मॉडेम पृष्ठभागापासून निदान दोन-तीन मीटर खाली आणि तळापासून मीटरभर वर टांगा. होडीच्या लाकडाला चिकटवून ठेवू नका. दुसरा शत्रू म्हणजे टिचकी वाजवणारी कोळंबी. खडप आणि प्रवाळाजवळ हायड्रोफोन (पाण्याखालचा माइक) सोडला की कढईत मोहरी तडतडावी तसा अखंड आवाज येतो, तो या बोटभर जीवांच्या नांगीचा. तो शंभर किलोहर्ट्झच्या वरपर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे वारंवारिता बदलून सुटका नाही. छोटी पॅकेट, भरपूर त्रुटी-सुधारणा आणि तोच हुकूम दोनदा पाठवणं, एवढ्याने निभावतं.

पुढे सरकणाऱ्या वाहनाचा डॉपलरही (हलण्यामुळे होणारा वारंवारितेतला बदल) जमेस धरा. सेकंदाला दीड मीटर वेग म्हणजे आवाजाच्या वेगाचा हजारावा भाग, आणि २५ किलोहर्ट्झचा सिग्नल त्याने २५ हर्ट्झने सरकतो. रेडिओत हा परिणाम नगण्य असतो, पाण्यात तो पॅकेट मोडतो. बोलताना पंखे थांबवा. त्यांचा गोंगाटही थांबतो.

आधी संगणकावर करून बघायचं असेल तर सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत सुरू झालेली युनेटस्टॅक ही प्रणाली वापरा. तिची मोफत आवृत्ती आभासी मॉडेमवर चालते, आणि पुढच्या पायरीतला संवाद तुम्ही होडी न हलवता तपासू शकता.

पाचवी पायरी: संवादाचे नियम

यंत्रणा फसते किंवा तरते ती इथे. आमच्या डब्यात चालणारा क्रम सांगतो.

डबा झोपलेला असतो. फक्त ध्वनी-मॉडेमचा कान उघडा. वाहन पन्नासेक मीटरवर आलं की आवाजाने हाक मारतं. हुकमाचं पॅकेट आठ बाइटचं: एक बाइट पाठवणाऱ्याचा क्रमांक, एक घेणाऱ्याचा, एक हुकमाचा प्रकार, एक अनुक्रमांक, दोन बाइट त्या हुकमाची माहिती, दोन बाइट तपासणीची बेरीज. चौसष्ट बिट, म्हणजे सेकंद-दीड सेकंदात संपणारं. डबा उठतो, बॅटरी किती उरली आणि किती तुकडे जमले ते कळवतो.

मग अंतर. वाहन 'पिंग' म्हणतं, डबा ठरावीक विलंबाने 'पाँग' म्हणतो. एकूण वेळेतून तो विलंब वजा करा, निम्मं करा, आवाजाच्या वेगाने गुणा. १८२६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात जाँ-दानिएल कोलाडोन यांनी आवाजाचा वेग मोजला तो उजेड आणि आवाजाच्या जोडीनेच: एका होडीवर पाण्याखालची घंटा आणि त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा भडका, तेरा किलोमीटरहून दूर दुसऱ्या होडीवर भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ. आठ अंशांच्या गोड्या पाण्यात उत्तर आलं सेकंदाला १,४३५ मीटर. कोकणच्या २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो १,५४० च्या जवळ असतो. प्रोग्राममध्ये डोळे मिटून १,५०० लिहिलं तर १०० मीटरवर अडीच मीटरची चूक होते, आणि गढूळ पाण्यात आपला उजेडच जेमतेम तेवढा पोचतो. तापमान मोजा आणि वेग त्यावरून घ्या.

सेक्की खोलीच्या आत आल्यावर डब्याला 'दिवा लाव' असा हुकूम द्या. वाहनाने रुंद होत जाणाऱ्या चक्राकार वाटेने फिरत उजेडाची तीव्रता मोजायची आणि सर्वात जास्त आली तिथे थांबायचं. दिवा लागल्यावर वीस सेकंदांत पुढचा हुकूम आला नाही, तर डब्याने तो आपण होऊन विझवायचा. हा नियम विसरलात तर एका चुकलेल्या पॅकेटने महिन्याची बॅटरी जाते.

आता माल. २०० मेगाबाइटचे २५० किलोबाइटचे ८०० तुकडे करा. एक तुकडा १ मेगाबिट वेगाने दोन सेकंदांत जातो. प्रत्येक तुकड्याची पोच आवाजाने द्यायची ठरवली तर पोच द्यायलाच मालाएवढा वेळ लागेल. त्याऐवजी प्रत्येक तुकड्यावर फाउंटन कोड चढवा. त्यात तुकड्याच्या मूळ चौकटींपासून (चौकट म्हणजे एका दमात जाणारा मालाचा छोटा हप्ता) वाटेल तितक्या मिश्र चौकटी तयार होतात, आणि पुरेशा संख्येने कोणत्याही पोचल्या तरी तुकडा पूर्ण उभा राहतो. मधे एखादा मासा आडवा गेला, चार-पाच चौकटी बुडाल्या, तरी काही मागावं लागत नाही. आम्ही वीस टक्के जादा चौकटी पाठवतो.

सगळे ८०० तुकडे संपले की वाहन आवाजाने एक यादी पाठवतं: ८०० बिट, मिळालेल्या तुकड्याला एक, न मिळालेल्याला शून्य. शंभर बाइट, जानसच्या वेगाने दहा सेकंद. डबा शून्यवाले तुकडे पुन्हा पाठवतो. यादी पूर्ण एक झाल्याशिवाय डब्याने आपली स्मृती पुसायची नाही, आणि पूर्ण झाल्यावरही पुसण्याचा हुकूम वेगळा, दोनदा आलेलाच मानायचा.

उजेड सुरू आणि बंद करण्याच्या खुणा एकच ठेवू नका. आमच्याकडे चौकटींची हानी सलग तीन सेकंद पाच टक्क्यांखाली राहिली तरच माल सुरू होतो, आणि तीस टक्क्यांवर गेली की थांबतो. दोन्हींत अंतर नसेल तर वाहन लाटेबरोबर डोलताना दुवा दर सेकंदाला जोडतो-तुटतो आणि आवाजाची वाट 'सुरू', 'थांब' यांनीच भरून जाते. माल थांबला की डब्याने चौकट-क्रमांक लक्षात ठेवून वाट पाहायची, वाहनाने आवाजाने अंतर पुन्हा विचारायचं आणि जवळ सरकायचं.

सहावी पायरी: चाचणी, बादलीपासून समुद्रापर्यंत

उजेडाची चाचणी हजार लिटरच्या टाकीत करा आणि पाणी मुद्दाम गढूळ करा. प्रकाशाच्या प्रयोगशाळांत यासाठी पोटात जळजळ झाल्यावर घ्यायचं पांढरं पातळ अँटासिड वापरतात. त्यातले मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे बारीक कण उजेड छान विखुरतात. थोडं थोडं घाला, दर वेळी ढवळा, सिग्नल लिहा. दुधाने सुरुवात करू नका, दुसऱ्या दिवशी टाकी नासते.

आवाजाची चाचणी टाकीत करून काही कळत नाही, भिंतींचे प्रतिध्वनी सगळं झाकून टाकतात. मोठी विहीरही तशीच. त्यासाठी शांत धरणाचं पाणी किंवा जेटी गाठा. दोन्ही दुवे एकत्र प्रथम जेटीवरून, दोन दोऱ्यांवर बांधून चालवा. समुद्र त्यानंतर.

डबा बंद करण्याआधी ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) बोटाने फिरवून बघा. एक केस किंवा वाळूचा कण पुरतो. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या, आत सिलिका जेलची पुडी ठेवा, हातपंपाने हवा ओढून पंधरा मिनिटं काटा हलतो का ते पाहा.

सातवी पायरी: समुद्रात ठेवल्यानंतर

आपल्या उष्ण पाण्यात उजेडाच्या काचेवर आठवडाभरात चिकट थर धरतो आणि महिन्याभरात शेवाळ, बार्नेकल बसतात. आवाजाला याचा फारसा त्रास नाही, उजेडाला सगळाच. काचेभोवती तांब्याची चकती बसवली की वाढ मंदावते, पण तांबं डब्याच्या अॅल्युमिनियमला थेट टेकू देऊ नका, खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम गंजून जातं. मधे प्लास्टिकचं वॉशर घाला. दर तासाला एकदा फिरणारा छोटा वायपर सर्वात भरवशाचा. दोन भेटींत त्याच अंतरावर, त्याच सेक्की खोलीत सिग्नल निम्म्यावर आला असेल तर पाण्याला दोष देऊ नका, काच पुसायला पाणबुड्या पाठवा.

जागा ठरवताना परवानगीचं काम आधी उरका. मालवणचा समुद्री भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि त्याच्या हद्दीत काही ठेवायचं तर वन विभागाची परवानगी लागते. स्थानिक मच्छीमार सोसायटीलाही जागा सांगा. डब्यावर जाळं पडलं तर त्यांचंही नुकसान आणि आपलंही. डॉल्फिन जवळ दिसले की मॉडेमची ताकद सर्वात खाली आणा किंवा ते जाईपर्यंत गप्प राहा. पन्नास मीटरच्या कामाला पूर्ण ताकद कधीच लागत नाही.

होडी जेटीला लागण्याआधी वहीत पाच आकडे लिहा: तिथी आणि भरतीची वेळ, सेक्की खोली, पाण्याचं तापमान, माल चालला ते जास्तीत जास्त अंतर, पुन्हा मागावे लागलेले तुकडे. घरी पोचल्यावर लिहू म्हटलं की आकडे मिसळतात. मग काच गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, आणि मीठ सुकायच्या आत मॉडेमच्या कनेक्टरवर टोपी चढवा.